वजन उजेडावर: वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

८ एप्रिल २०२५

मावशी वेंगुर्ल्याजवळच्या एका छोट्या काजू कारखान्यात सोलणीला जाते. सोलणीची मजुरी किलोवर मिळते. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा प्रत्येकीचं पातेलं काट्यावर चढतं. काटा शेडमध्ये आहे. हिशेब समोरच्या ऑफिसात वहिनींच्या संगणकावर. मध्ये खळं. काट्यापाशी बसलेली बाई आकडा ओरडून सांगते, वहिनी खिडकीतून ऐकतात आणि लिहितात. त्याच वेळी कटिंगची मशीनं चालू असतात, बॉयलर फुसफुसत असतो, कोणाचा तरी टेम्पो मागे येत असतो.

काल मावशी घरी आली ती गप्प. जेवताना म्हणाली, "चार किलो पन्नास सांगलंय. लिवल्यानी काय ता देवाक म्हायत."

वहिनी खोटं लिहीत नाहीत हे मावशीलाही माहीत आहे. पण चार किलो पन्नास ग्रॅम आणि चार किलो पाचशे ग्रॅम यांत ऐकताना किती फरक राहतो? आठवड्याच्या शेवटी बेरीज जुळली नाही की दोघींचीही मान खाली जाते, आणि चूक कोणाची हे शोधायला काही उरलेलं नसतं. चिठ्ठ्या लिहून पाहिल्या होत्या. टरफलाचं तेल लागलेल्या बोटांनी त्या काळ्या होतात, हरवतात. संगणक शेडमध्ये नेला तर ड्रायरची धूळ आणि वाफ त्याला महिनाभर टिकू देणार नाही.

पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी चार वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवते. हे काम माझं आहे असं मला वाटलं. उद्या दादांशी, म्हणजे कारखान्याच्या मालकांशी, बोलणार.

११ एप्रिल

दादा तयार. अट एकच: वायर नको. गेल्या वर्षी त्यांनी काट्यापासून ऑफिसपर्यंत खळ्यावरून वायर ओढली होती. मे महिन्यातल्या वळवात जवळच कुठेतरी वीज पडली आणि वायरीच्या दोन्ही टोकांची उपकरणं गेली. वीज वायरीवर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी लांब तारेत क्षणभर इतका दाब चढतो की पाच-दहा व्होल्टवर जगणारी चिप राहत नाही. कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसात माझ्या दुकानात येणारे निम्मे बोर्ड असेच मेलेले असतात.

शेडच्या काट्यामागून ऑफिसच्या खिडकीपर्यंत टेप लावला: २२ मीटर. काट्याच्या मागे नऊ पिनांचा पोर्ट आहे, त्यातून आकडा साध्या सिरियल डेटाच्या रूपात बाहेर येतो. म्हणजे उचलायला काही कठीण नाही, फक्त पलीकडे न्यायचा आहे.

वाय-फाय करून पाहिला. ऑफिसची भिंत जांभ्या चिऱ्याची, शेड पत्र्याची, आत स्टीलच्या ट्रेंचे रॅक. फोनवर कधी एक रेघ, कधी शून्य. रिपीटर लावून तो चाललाही असता, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. पण शेडच्या दारातून ऑफिसची खिडकी सरळ दिसते. जे दिसतं तिथे उजेड पोचतो. आणि उजेडाच्या वाटेत तांबं नसल्यामुळे वीज चढायला जागाच राहत नाही.

१५ एप्रिल

बायकांना आधी दाखवायचं ठरवलं. ज्या यंत्रावर त्यांची मजुरी लिहिली जाणार ते काय करतं हे त्यांना माहीत असायलाच हवं.

पांढरा एलईडी, त्याला फोनमधल्या गाण्याचा सिग्नल जोडला. समोर सहा व्होल्टचं छोटं सोलर पॅनेल, त्याला अॅम्प्लिफायर आणि स्पीकर. टॉर्चसारखा उजेड पॅनेलवर धरला आणि गाणं वाजलं. मध्ये हात घातला, बंद. काढला, सुरू. मावशीने तीनदा हात घालून पाहिला. "हात घातलो की गाणा मरता गो!" सगळ्या जवळ आल्या. मग टीव्हीचा रिमोट पॅनेलसमोर दाबला, तर स्पीकरमधून टर्रर्र. रिमोटही उजेडानेच बोलतो, फक्त तो आपल्या डोळ्यांना न दिसणारा, हे त्यांना तिथल्या तिथे पटलं.

पॅनेल शेडच्या ट्यूबलाइटखाली नेलं तर नुसती घरघर. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पॅनेलला कळतं. ही घरघर पुढे गाळावी लागणार.

यातलं तत्त्व जुनं आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८० साली सूर्याच्या किरणावर माणसाचा आवाज २१३ मीटर पाठवला होता. आवाजाने थरथरणारा आरसा एका टोकाला, सेलेनियमचा घट दुसऱ्या टोकाला. टेलिफोनपेक्षाही हा शोध मोठा, असं तो स्वतः मानायचा. ढग आला की बोलणं बंद, म्हणून त्या काळी तो मागे पडला. एलईडी आल्यावर गोष्ट बदलली, कारण एलईडी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करता येतो. एडिनबर्ग विद्यापीठातल्या हॅराल्ड हास यांनी २०११ मध्ये एका व्याख्यानात टेबलावरच्या दिव्यातून चलचित्र पाठवून दाखवलं आणि 'लाय-फाय' हे नाव तिथून सगळीकडे झालं. त्यांनीही दिव्यासमोर हात धरून चित्र थांबवून दाखवलं होतं. मावशीने केलं तेच.

२२ एप्रिल

पहिला प्रयत्न: टीएसओपी १७३८. रिमोटचा डोळा, कुठल्याही दुकानात मिळतो. सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा इन्फ्रारेड तेवढा तो ओळखतो, बाकी उजेड सोडून देतो. २२ मीटरवर जेमतेम पोचला. दोन अडचणी. एक, सतत सिग्नल आला की तो त्याला गोंगाट समजून दाबून टाकतो, त्यामुळे मध्ये मध्ये श्वास घेत पाठवावं लागतं. दुसरी माझ्या दृष्टीने मोठी: इन्फ्रारेड दिसत नाही. चालू आहे की बंद, कुठे रोखलंय, काट्यापाशी उभ्या बाईला काहीच कळणार नाही. आज हा मार्ग सोडला. लाल, दिसणारा उजेड घेणार.

२९ एप्रिल

बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (उजेड पडला की बारीक करंट सोडणारा भाग) आणि त्यामागे अॅम्प्लिफायर. दुकानात रात्री उत्तम चाललं. सकाळी अकराला कारखान्याच्या खिडकीत ठेवलं आणि आउटपुट वरच्या टोकाला जाऊन चिकटलं, हलेना.

कारण साधं आहे. सिग्नल बारीक म्हणून तो वाढवायला मी १ मेगाओमचा मोठा रोधक लावला होता. पाच व्होल्टच्या सप्लायवर म्हणजे डायोडमधून ५ मायक्रोअॅम्पियर आले की जागा संपली. एप्रिलच्या खळ्यातला उजेड याच्या कितीतरी पट. समुद्राच्या गाजेत कोणी कानाशी कुजबुजावं तसं झालं. रोधक २२ किलोओमवर आणला, मध्ये कपॅसिटर टाकून स्थिर उजेड अडवला, आणि वाढवायचं काम दुसऱ्या टप्प्यावर ढकललं. याच कपॅसिटरमुळे १०० हर्ट्झची घरघरही बरीच गाळली गेली.

अर्धं काम झालं. पण उन्हाने डायोड अजून भिजलेलाच.

६ मे

भिंगाने काम केलं.

स्टेशनरीच्या दुकानातली पाच सेंटिमीटरची दोन वाचायची भिंगं आणली, दोन इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे आतून काळे रंगवले. पाठवणाऱ्या बाजूला भिंगाच्या दहा सेंटिमीटर मागे लाल एलईडी. त्याची चकती सुमारे एक मिलिमीटरची, म्हणजे झोत शंभराला एक या प्रमाणात पसरणार. २२ मीटरवर २२ सेंटिमीटर. रात्री आठ वाजता ऑफिसच्या भिंतीवर पाहिलं तर खरोखर जेवायच्या ताटाएवढा लाल ठिपका. हिशेब आणि भिंत एकच सांगतात तेव्हा जो आनंद होतो त्यासाठीच मी या धंद्यात आहे.

घेणाऱ्या बाजूला भिंगाने डायोडवर येणारा उजेड जवळजवळ अडीचशे पट केला. शिवाय डायोड आता फक्त समोरची हात-दीड हात जागा बघतो. खळ्यातलं ऊन, पांढरा टेम्पो, वाळत घातलेली साडी, काही नाही. फक्त शेडच्या दारातला लाल डोळा.

एक काळजी घेतली. ऑफिसची खिडकी पश्चिमेला तोंड करून आहे आणि भिंगात मावळता सूर्य उतरला तर आतला डायोड भाजेल. पाइप भिंगाच्या पुढे तीस सेंटिमीटर वाढवला. काम साडेपाचला संपतं तेव्हा सूर्य अजून बराच वर असतो, आणि खाली येतो तेव्हा फणसाच्या आड जातो. तरी रात्री टोपण लावायची सवय वहिनींना लावली आहे.

१० मे

नुसतं 'चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य' असं पाठवून चालत नाही. बराच वेळ एकच अंक आला की कपॅसिटर त्याला स्थिर उजेड समजतो आणि मधली पातळी सरकत जाते. म्हणून मँचेस्टर कोडिंग. प्रत्येक बिट दोन अर्ध्यांत: 'एक' म्हणजे बंद-मग-चालू, 'शून्य' म्हणजे चालू-मग-बंद. चालू आणि बंद वेळ कायम सारखा, त्यामुळे पातळी सरकत नाही आणि दिवा डोळ्याला संथ पेटलेला दिसतो. वेग सेकंदाला २४०० बिट. इतकाच हवा आहे, एका वजनाला वीसेक अक्षरं पुरतात.

(जगात हा वेग कुठे गेला आहे ते मला माहीत आहे. २०२३ मध्ये आलेलं आयईईई ८०२.११बीबी हे लाय-फायचं प्रमाणक सेकंदाला १० मेगाबिटपासून ९.६ गिगाबिटपर्यंतचं बोलतं, तेही इन्फ्रारेडवर. घरातल्या पांढऱ्या एलईडीचा वेग मात्र त्याच्यातला पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडाचा पांढरा करणारा लेप) अडवतो. आतला निळा एलईडी झटकन विझतो, फॉस्फर मागे थोडा रेंगाळतो. म्हणून संशोधक घेणाऱ्या बाजूला निळा फिल्टर लावतात. माझ्या लाल एलईडीत फॉस्फर नाही, तो प्रश्नच नाही.)

१४ मे

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पहिलं खरं वजन उजेडावरून गेलं. ३.७१५. वहिनींच्या पडद्यावर तेच.

आणि चार वाजता, ज्याची मला भीती होती ते. मावशीच्याच वजनात. काट्यावर ४.०५०, पडद्यावर ४.८५०.

आठशे ग्रॅम! मी शेजारी उभी होते म्हणून कळलं. रात्रभर शोधलं. संगणकाच्या अक्षरसंचात '०' आणि '८' यांच्यात फक्त एका बिटाचा फरक आहे. एक बिट उलटला, शून्याचा आठ झाला. मधून कोणीतरी चालत गेलं असेल, किंवा कावळा. ओरडून सांगताना होणाऱ्या चुकीच्या जागी मी मशीनची चूक आणून ठेवली होती, आणि मशीनच्या चुकीवर बायका भांडूसुद्धा शकल्या नसत्या. ही गोष्ट मला फार लागली.

१६ मे

प्रत्येक वजनामागे आता तपासणीचा एक बाइट जातो. तो सगळ्या अक्षरांवरून काढलेला असतो. पलीकडे पुन्हा काढून जुळला नाही तर वजन टाकून द्यायचं. प्रत्येक वजन तीनदा जातं आणि दोनदा तरी तंतोतंत तेच आलं पाहिजे. मुद्दाम झोतातून हात फिरवत पन्नास वजनं पाठवली. काही पोचलीच नाहीत. चुकीचं एकही नाही. न पोचलेलं चालेल, चुकीचं चालणार नाही.

१९ मे

मावशीने प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झाले. "बाय, ह्यो लाल दिवो तसोच्या तसोच. माजा वजन गेला ता माका कसा कळतला?"

बरोबर आहे. २४०० वेळा लुकलुकणारा दिवा तिला संथच दिसणार. मी 'दिसणारा उजेड' म्हणून लाल घेतला, पण दिसायला हवं ते तर दिसतच नाही. पोच हवी. ऑफिसकडून शेडकडे परतीचा झोत लागेल.

२१ मे

काल रात्रीपासून मुसळधार. मे महिन्यात असा पाऊस आठवत नाही. लाईट सकाळपासून नाही. काटा स्वतःच्या बॅटरीवर, माझी दोन्ही टोकं १२ व्होल्टच्या बॅटरीवर, वहिनींचा लॅपटॉप. वजनं गेली. गडगडाट चालू असताना पहिल्यांदाच मला काट्याच्या बोर्डाची काळजी वाटली नाही.

२६ मे

मान्सून कालच राज्यात आला, तोही आपल्याच जिल्ह्यातून, देवगडपर्यंत. नेहमीपेक्षा बारा-तेरा दिवस आधी. माझी तयारी जूनच्या पहिल्या आठवड्याची होती.

वाटलं होतं पाऊस झोत अडवेल. २२ मीटरच्या पावसाने काही होत नाही, सिग्नल थोडा उतरतो एवढंच. अडवलं ते पागोळ्यांनी. ऑफिसच्या कौलांवरून पडणारी पाण्याची झालर नेमकी भिंगासमोर. प्रत्येक थेंब स्वतःच एक भिंग, उजेड वाटेल तिकडे फेकतो. कौलांची एक-एक पन्हळ एक-एक धार सोडते आणि वाऱ्याने ती धार झोतात आत-बाहेर होते. तासाभरात निम्मी वजनं गळली.

उपाय इलेक्ट्रॉनिक नाही. सुताराकडून खिडकीवर चार फूट पत्र्याची पन्हळ बसवून घेतली, पाणी बाजूला काढलं. दुपारनंतर एकही गळलं नाही.

मोठ्या अंतरावर पाऊस आणि धुकं खरंच आडवं येतं. काँगो नदीवर ब्राझाव्हिल आणि किन्शासा या दोन शहरांमध्ये गूगलच्या मूळ कंपनीच्या तारा प्रकल्पाने ४.८ किलोमीटर प्रकाशझोत टाकून सेकंदाला २० गिगाबिटपर्यंत इंटरनेट नेलं. तिथे झोत धरून ठेवायला आरसे आपोआप हलतात. आपल्या खाड्यांच्या दोन काठांवरची गावं बघताना मला ते हमखास आठवतं. होडीने दहा मिनिटं, केबलने मात्र पूल शोधत मोठा वळसा.

२ जून

सकाळी वहिनींचा फोन: "कायच येत नाय." जाऊन पाहिलं तर शेडच्या पडवीला झडीसाठी नारळाच्या चुडतांचे झाप बांधलेले. दरवर्षी बांधतात, मला विचारायचं कारणच नव्हतं. झोत झापाच्या मागे. वीतभर भोक पाडलं, त्यात पाइप पुढे काढला. गड्याने भोकाभोवती सुंभाने गाठी मारून दिल्या, फाटू नये म्हणून. उजेड भिंतीतून जात नाही, हे पुस्तकात गुण म्हणूनही लिहितात: ऑफिसातलं ऑफिसात राहतं, बाहेर कोणी टिपू शकत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात त्याच गुणासाठी सुरी घेऊन उभं राहावं लागतं.

९ जून

परतीचा झोत लागला. ऑफिसकडून तोच लाल एलईडी, तसंच भिंग. वजन जुळून संगणकात उतरलं की संगणक तोच आकडा परत पाठवतो. काट्याशेजारच्या छोट्या पडद्यावर तो आकडा आणि कामगाराचा क्रमांक येतो, आणि काट्यावरच्या आकड्याशी जुळला तरच हिरवा दिवा पेटतो. नुसतं 'पोचलं' नाही. काय लिहिलं गेलं ते.

पहिलं पातेलं मावशीचं ठेवलं. तिने काट्याचा आकडा वाचला, मग पडद्यावरचा वाचला, एकेका अंकावर बोट ठेवून. "हिरवो पेटलो!" मग मागच्या बाईला जागा दिली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी आपापसात नियम करून टाकला. हिरवा पेटल्याशिवाय पातेलं उचलायचं नाही. मी सांगितला नव्हता.

२० जून

भिंगांवर बुरशीचे ठिपके आले आहेत. या हवेत कॅमेऱ्याच्या लेन्सलाही येतात. पाइपाची मागची तोंडं सिलिकॉनने बंद केली, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, पुढे काच. शेडकडच्या पाइपाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. दर सोमवारी पुसायचं काम काट्यावरच्या बाईने घेतलं आहे.

संध्याकाळी घरी जाताना निवतीसमोरच्या खडकांवरचं दीपगृह लुकलुकताना दिसलं. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी ठेवलेली असते, खलाशी वेळ मोजून ओळखतात की हे कुठलं. या किनाऱ्यावर उजेडाने निरोप देणं नवं नाही.

५ जुलै

आज आठवड्याचा हिशेब. वहिनींची बेरीज आणि बायकांनी स्वतःच्या वहीत पडद्यावरून उतरवलेली बेरीज, एक सोडून सगळ्यांची जुळली. त्या एका बाईची जुळेना. तिची वही आणि संगणकातली नोंद ओळीने लावली, तिने मंगळवारचं एक वजन उतरवायचं विसरलं होतं. म्हणजे संगणकात तिचे पैसे जास्त होते. पाच मिनिटांत मिटलं, दोघी चहाला बसल्या.

दादांना आता ग्रेडिंगच्या टेबलावरही हेच हवं आहे. डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० (अख्ख्या गरांचे आकार), पाकळी, तुकडा, प्रत्येकाचं वेगळं. ते टेबल ऑफिसच्या खिडकीतून दिसत नाही. एक आरसा मध्ये लावून झोत वळवता येईल का ते पाहते आहे. आरशाला बुरशी, हादरे, आणि बॉयलरच्या बाजूची वाफ, तिन्ही बघावं लागेल.

सोमवारी: पन्हळीतला फणसाचा पाचोळा काढणे. सिलिकाच्या पुड्या तव्यावर भाजून परत टाकणे. हिरव्या दिव्याची वायर मावशीच्या पाटाखाली येते, ती वरून घेणे.